कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलचा सीटीई कोर्स: राज्याची स्टँडर्ड्स वाचून पाथवे कसा निवडायचा

आठवीतल्या मुलाला हिवाळ्यात नववीच्या विषयनिवडीचा फॉर्म मिळतो. इंग्लिश, गणित, बायॉलॉजी, पीई यांवर घरात लगेच एकमत होतं. मग इलेक्टिव्हचा रकाना येतो आणि तिथे काही कोर्सपुढे 'सीटीई' लिहिलेलं दिसतं, म्हणजे करिअर टेक्निकल एज्युकेशन. आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचून आयटीआय नाहीतर एमसीव्हीसी आठवतं. 'मार्क कमी पडले की तिकडे' हे महाराष्ट्रात लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे काय शिकवतात हे न बघताच तो कोर्स बाद होतो. आयटीआयला नाक मुरडणं तिथेही चूकच होतं, पण इथे तर तुलनाच लागू पडत नाही. कॅलिफोर्नियात सीटीईचा कोर्स घेतलेलं मूल त्याच वर्षी एपी (कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्सही घेत असतं आणि पुढे यूसीलाही, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियालाही, जातं.

उलटही होतं. 'बायोटेक' किंवा 'एआय' असं नाव दिसलं की कोर्स डोळे मिटून घेतला जातो आणि वर्षभरात हाती फारसं काही लागत नाही. दोन्ही वेळी निर्णय नावावरून घेतलेला असतो. कोर्स संपल्यावर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे, हे राज्याने लिहून ठेवलं आहे, त्यालाच स्टँडर्ड्स म्हणतात, आणि ते कोणालाही फुकट वाचता येतं. ते वाचायला एक संध्याकाळ पुरते. शाळेशी ताडून बघायला आणखी थोडा वेळ लागतो.

पहिली पायरी: मूळ दस्तऐवज उघडा

कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे सीडीईच्या, संकेतस्थळावर 'सीटीई मॉडेल करिक्युलम स्टँडर्ड्स' शोधा. राज्याच्या शिक्षण मंडळाने ही स्टँडर्ड्स जानेवारी २०१३ मध्ये स्वीकारली. त्यांत उद्योगांची १५ क्षेत्रं आहेत आणि त्यांच्या पोटात ५८ पाथवे, म्हणजे एकेका प्रकारच्या कामाकडे नेणाऱ्या वाटा. शेती, बांधकाम, आरोग्य, इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर, माहिती तंत्रज्ञान, फॅशन, वाहतूक, हॉटेल आणि पर्यटन, मुलांचं संगोपन आणि शिक्षण अशी ती क्षेत्रं. आपल्याला हव्या त्या क्षेत्राची फाइल उतरवून घ्यायची. उतरवताना ती सध्या लागू असलेलीच आवृत्ती आहे ना, एवढं बघून घ्या.

ही स्टँडर्ड्स शाळांवर सक्तीची नाहीत. स्कूल डिस्ट्रिक्टने (आपल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) ती घ्यावीत आणि आपल्या भागातल्या रोजगाराला साजेशी करून वापरावीत, अशी कल्पना आहे. मात्र सीटीईसाठी फेडरल सरकारकडून येणारा पर्किन्स निधी (सध्याचा कायदा २०१८ चा) आणि राज्याची अनुदानं हवी असतील, तर आपला कार्यक्रम स्टँडर्ड्सना धरून आहे हे शाळेला दाखवावं लागतं. म्हणून बहुतेक शाळा त्यांचाच आधार घेतात. किती घेतला आणि किती सोडला, हे मात्र शाळेकडूनच कळतं. तिसरी पायरी त्यासाठीच आहे.

फाइल उघडल्यावर पानांची संख्या बघून दचकू नका. मांडणी कळली की निम्मी पानं चाळून पुढे जाता येतं. सुरुवातीला करिअरसाठी तयार होण्याच्या १२ सवयी दिलेल्या आहेत. त्या सगळ्या क्षेत्रांना सारख्याच आहेत, एकदा वाचल्या की झालं. त्यानंतर ११ अँकर स्टँडर्ड्स येतात: शैक्षणिक पाया, संवाद, करिअरचं नियोजन, तंत्रज्ञान, प्रश्न सोडवणं, आरोग्य आणि सुरक्षितता, जबाबदारी, नीती आणि कायदा, नेतृत्व आणि गटकाम, तांत्रिक ज्ञान, आणि शेवटी शिकलेलं प्रत्यक्ष करून दाखवणं. ही शीर्षकंही सगळीकडे तीच असतात, खालचे मुद्दे त्या त्या क्षेत्राचे असतात. सुरक्षिततेखाली आरोग्य क्षेत्रात संसर्ग रोखण्याच्या गोष्टी येतील, वाहतूक क्षेत्रात गॅरेजमधली अवजारं आणि रसायनं येतील.

खरा ऐवज यानंतरच्या पाथवे स्टँडर्ड्समध्ये आहे. क्षेत्रातल्या प्रत्येक पाथवेला इंग्रजी अक्षर दिलेलं असतं आणि त्यापुढे क्रमांक. शेवटी एक मोठा तक्ता येतो. पाथवेतला कुठला मुद्दा इंग्लिश, गणित, सायन्स किंवा समाजशास्त्राच्या कुठल्या स्टँडर्डशी जुळतो, ते त्यात दाखवलेलं असतं. 'या नादात अभ्यास मागे पडेल' अशी धास्ती वाटत असेल, तर हा तक्ता मुलाला बरोबर घेऊन पाच मिनिटं बघा.

दुसरी पायरी: एक पाथवे नीट वाचा

उदाहरणाला माहिती तंत्रज्ञान घेऊ, कारण आपल्यापैकी अनेकांचा दिवस त्यातच जातो. या क्षेत्रात चार पाथवे आहेत: माहिती सहाय्य आणि सेवा, नेटवर्किंग, सॉफ्टवेअर आणि सिस्टिम्स डेव्हलपमेंट, आणि गेम्स आणि सिम्युलेशन. तिसऱ्याचं अक्षर 'सी'. त्याखाली सी १.० पासून सी १०.० पर्यंत दहा मुद्दे आहेत. पहिला सिस्टिम तयार करण्याची प्रक्रिया ओळखून वापरण्याचा, दुसरा गरजांची व्याख्या आणि विश्लेषण करण्याचा, तिसरा माणूस आणि यंत्र यांच्यातला इंटरफेस घडवण्याचा. प्रोग्रॅमिंग भाषा वापरून सॉफ्टवेअर लिहिणं चौथ्या क्रमांकावर येतं. पुढे चाचणी आणि डीबगिंग, मल्टिमीडिया, वेब, डेटाबेस, रोबोटिक्ससह वेगवेगळी उपकरणं, आणि शेवटी बुद्धिमान संगणन.

क्रम बघा. कोड लिहिण्याआधी गरज समजून घेणं आणि वापरणाऱ्याचा विचार करणं आलं आहे. सी ५.० च्या उपमुद्द्यांत कोडची कार्यक्षमता वाढवणं, सॉफ्टवेअर तपासणं, निकाल मूळ गरजांशी ताडून बघणं असं आहे. ऑफिसात आपण रोज हेच करतो, आणि नवीन लागलेल्या पोरांना हेच जमत नाही म्हणून कुरकुरतो. शाळेचा कोर्स फक्त पायथॉनच्या सिंटॅक्सवर थांबत असेल, तर तो या पाथवेचा दहावा हिस्सासुद्धा नाही, हे एवढं वाचल्यावर आपल्या लक्षात येतं.

वाचताना क्रियापदांवर बोट ठेवा. 'ओळखणं', 'वर्णन करणं', 'समजावून सांगणं' वहीत होतं. 'तयार करणं', 'तपासणं', 'दुरुस्त करणं', 'मोजणं' यांना हत्यार लागतं, लॅब लागते, वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारच्या मुद्द्यांवर पेन्सिलने खूण करा. शाळेत विचारायचे प्रश्न त्या खुणांमधूनच निघतात.

मुलालाही तेच पान वाचू द्या. दहापैकी कुठले मुद्दे वाचून त्याचे डोळे चमकतात आणि कुठे जांभई येते, ते बघा. 'तुला काय व्हायचंय?' असं तेराव्या वर्षी विचारून उत्तर मिळत नाही. 'यातलं काय करून बघायला आवडेल?' याचं उत्तर मिळतं.

तिसरी पायरी: शाळेचा कोर्स त्याच्याशी ताडा

शाळेच्या कोर्स कॅटलॉगमध्ये चार ओळींचं वर्णन असतं. तेवढ्यावर थांबू नका. शिक्षकांना किंवा काउन्सेलरला ईमेल करून कोर्सची सविस्तर रूपरेषा मागा. असा ईमेल करायला संकोच वाटण्याचं कारण नाही, इथे पालक विचारतात आणि शाळा उत्तर देतात. रूपरेषा हातात आली की खुणा केलेल्या मुद्द्यांसमोर ती ठेवा.

सीटीईचा एक सुटा कोर्स फार पुढे नेत नाही, साखळी नेते. कोर्स प्राथमिक, मधला आणि कॅपस्टोन (शेवटचा, सगळ्यात वरचा) अशा चढत्या क्रमाने लावलेले असतात. फेडरल कायद्यानुसार एकाच कार्यक्रमातले किमान दोन कोर्स पूर्ण केले, तर विद्यार्थी कॉन्सन्ट्रेटर धरला जातो. कॅलिफोर्नियात पाथवे पूर्ण झाला असं मानायला किमान ३०० तासांची साखळी आणि कॅपस्टोनमध्ये सी-मायनस किंवा त्याहून वरची ग्रेड लागते. वर्षाचे १८० शाळेचे दिवस आणि रोजचा साधारण ५० मिनिटांचा तास धरला, तर एका कोर्सचे १५० तास होतात. म्हणजे दोन पूर्ण वर्षं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: कॅपस्टोन दर वर्षी चालतो का? पुष्कळ शाळांत पहिल्या कोर्सचे तीन-तीन वर्ग भरतात आणि कॅपस्टोनला पुरेशी मुलं नाहीत म्हणून तो अधूनमधून बंद असतो. कधी तो एपीच्या तासाशी आदळतो. ऐकताना क्षुल्लक वाटतं, पण अकरावीत मुलाची साखळी इथेच तुटते. मागच्या दोन वर्षांत हा वर्ग झाला का आणि कुठल्या पिरियडला होता, असं थेट विचारा.

शिक्षकांबद्दलही जाणून घ्या. सीटीईचं खास टीचिंग क्रेडेन्शियल मिळवायला त्या क्षेत्रातला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे पेशंट केअर शिकवणाऱ्या बाई आधी नर्स असतात, ऑटो शिकवणारे सर गॅरेजमधून आलेले असतात. अशा शिक्षकांच्या ओळखीतून मुलांना पुढे काम मिळतं. वर्गाला जोडलेली विद्यार्थी संघटना आहे का, तेही बघा: आरोग्याला होसा, तांत्रिक कामांना स्किल्सयूएसए, व्यापाराला एफबीएलए किंवा डेका, शेतीला एफएफए. जिथे ती जिवंत असते तिथे वर्गही जिवंत असतो.

हवा तो पाथवे शाळेत नसेल तर आरओपी (रीजनल ऑक्युपेशनल प्रोग्रॅम) किंवा सीटीई सेंटर बघा, तिथे अनेक शाळांची मुलं एकत्र येऊन शिकतात. फ्रीमॉन्ट, नेवार्क आणि युनियन सिटीकडच्या मुलांना मिशन व्हॅली आरओपी आहे, सॅन होजेमध्ये सिलिकॉन व्हॅली सीटीई आहे, हेवर्डकडे ईडन एरिया आरओपी. सेंटरचे वर्ग बहुधा अकरावी-बारावीसाठी असतात आणि त्यांत दिवसाचा मोठा भाग जातो. आपल्या शाळेतले बाकीचे तास त्याभोवती बसतात का, हे आधी बघावं लागतं.

चौथी पायरी: ए-जीची चाळणी

यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांच्या प्रवेशासाठी १५ वर्षभराचे ठरावीक कोर्स लागतात, त्यांना ए-जी म्हणतात. सीटीईचे अनेक कोर्स यात बसतात. बहुतेक 'जी'मध्ये, म्हणजे इलेक्टिव्हमध्ये. काही बायोटेक कोर्स 'डी'मध्ये म्हणजे सायन्समध्ये, काही डिझाइन किंवा मीडियाचे कोर्स 'एफ'मध्ये म्हणजे कलेमध्ये. मंजुरी प्रत्येक शाळेच्या प्रत्येक कोर्सला वेगळी मिळते. मैत्रिणीच्या मुलीच्या शाळेत तो कोर्स 'डी'मध्ये होता, म्हणून आपल्याकडेही असेल असं नाही. यूसीची ए-जी कोर्सची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. तिथे आपल्या शाळेचं नाव घाला, वर्ष निवडा आणि कोर्स शोधा. यादीत नसेल तर नाही, मग कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असो.

इथे एक फसवी जागा आहे. राज्याच्या नियमानुसार हायस्कूलच्या पदवीसाठी कला, परकी भाषा किंवा सीटीई यांपैकी एक वर्षाचा एक कोर्स चालतो, डिस्ट्रिक्टने तशी मुभा दिली असेल तर. यूसीला मात्र दोन वर्षं भाषा आणि एक वर्ष कला, दोन्ही लागतं. सीटीई घेतला म्हणून भाषा सोडली, तर पदवी मिळेल पण यूसीचा अर्ज अडेल. काउन्सेलर 'ग्रॅज्युएशनची रिक्वायरमेंट पूर्ण होते' असं म्हणाले की लगेच विचारा, 'आणि ए-जीची?'

ए-जीत बसत नाही म्हणून कोर्स टाकाऊ ठरत नाही. १५ कोर्स इतर तासांत पूर्ण होत असतील आणि मुलाला वेल्डिंग मनापासून शिकायचं असेल, तर शिकू द्यावं. इंजिनिअर होऊन ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला धातू कसा जोडला जातो हे हाताला माहीत असलं, तर त्याचं ड्रॉइंग वेगळं होतं.

पाचवी पायरी: चार वर्षांचा तक्ता

एका कागदावर चार उभे रकाने काढा, नववी ते बारावी. आधी न हलणारे विषय भरा: इंग्लिश चारही वर्षं, गणित किमान तीन (आपल्याकडे चारच धरा), सायन्स, समाजशास्त्र, भाषा, पीई. मग कॅपस्टोन ज्या वर्षी घ्यायचा तिथे लिहा आणि तिथून मागे या.

समजा मुलीला आरोग्य क्षेत्रातला पेशंट केअर पाथवे हवा आहे. कॅपस्टोन अकरावीत असेल तर पहिला कोर्स दहावीत आला, आणि नववीत कलेचा कोर्स उरकता आला. बारावी एपीला मोकळी राहिली. कॅपस्टोन बारावीत ठेवला तर अर्ज भरताना तो चालू असलेला दिसेल, ग्रेड दिसणार नाही. यूसी आपल्या जीपीएत नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ए-जी कोर्स धरते, तेही इथे ध्यानात घ्या. बँड किंवा ऑर्केस्ट्रामधली मुलं असतील तर हा तक्ता नववीच्या आधीच करा. संगीत चारही वर्षं एक तास अडवतं, आणि सीटीईची साखळी त्याच तासावर डोळा ठेवून असते.

मुलीबद्दल आणखी एक. एखाद्या क्षेत्रात स्त्रियांचं किंवा पुरुषांचं प्रमाण २५ टक्क्यांहून कमी असेल, तर फेडरल कायदा ते त्यांच्यासाठी अपारंपरिक क्षेत्र मानतो, आणि तिथे त्यांना वाव देण्याची अपेक्षा शाळेकडून करतो. बांधकाम किंवा ऑटोच्या वर्गात आपली मुलगी एकटी असेल ही काळजी मनात असेल, तर ती शिक्षकांशी मोकळेपणाने बोला.

सहावी पायरी: काम, प्रमाणपत्र, कॉलेजचं क्रेडिट

चांगल्या पाथवेत मुलं वर्गाबाहेर पडतात: कामाच्या जागेला भेट, एखाद्याच्या मागे दिवसभर राहून बघणं, मग इंटर्नशिप. १८ वर्षांखालच्या मुलाला पगारी काम करायचं तर वर्क परमिट लागतं आणि ते साधारणपणे शाळेमार्फत मिळतं.

इथे आपल्या घरांचा एक खास प्रश्न आहे आणि शाळेत त्याची माहिती क्वचितच असते. मूल एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल आणि त्याच्याकडे स्वतःचं वर्क ऑथरायझेशन नसेल, तर त्याला पगारी काम करता येत नाही. पगारी इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप दोन्ही त्यात आल्या. 'स्टायपेंड आहे, पगार नाही' असं कोणी म्हणालं तरी वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. इतरांना पगार मिळतो ते काम 'व्हॉलंटियर' म्हणून फुकट करणंही अडचणीचं ठरू शकतं. वर्गाचा भाग म्हणून, क्रेडिटसाठी, बिनपगारी काय करता येईल, ते शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. ऐन बारावीत पोराला 'तुला नाही जाता येणार' असं सांगावं लागणं फार वाईट. दोन वर्षं आधी माहीत असेल तर शाळेतलाच प्रकल्प तेवढा तगडा करता येतो.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत वय आणि तास विचारा. कॅलिफोर्नियात सर्टिफाइड नर्स असिस्टंटला किमान १६ वर्षं वय लागतं, आणि ६० तास थिअरी व १०० तास क्लिनिकल असं किमान १६० तासांचं प्रशिक्षण. क्लिनिकलच्या आधी लसीकरणाची कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. भारतातली लसीची कार्डं आजी-आजोबांकडे राहिली असतील तर आत्ताच फोटो मागवा. ईएमटीला (अँब्युलन्समधल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवकाला) मात्र १८ पूर्ण लागतात, तेव्हा शाळेत ईएमटीचा कोर्स असला तरी परवाना लगेच मिळणार नाही.

ड्युएल एन्रोलमेंटमध्ये मूल हायस्कूलमध्ये असतानाच ओलोनी किंवा डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजचा कोर्स करतं. २०१५ च्या कायद्याने शाळा आणि कॉलेज यांच्यात असे करार करता येतात आणि त्यांत मुलांकडून फी घेतली जात नाही. फायदा मोठा आहे, पण ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करतानाही ती दाखवावी लागते. म्हणून मूल तयार असेल तरच. कोर्स यूसीला ट्रान्सफर होतो का, ते 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर बघता येतं. सीटीईचे काही कॉलेज कोर्स सीएसयूला चालतात आणि यूसीला चालत नाहीत.

कॅलिफोर्नियाबाहेर राहत असाल तर

पायऱ्या याच, कागद वेगळे. टेक्ससमध्ये सीटीईची स्टँडर्ड्स 'टीक्स' म्हणून राज्याच्या प्रशासकीय नियमांतच आहेत, त्यामुळे शाळेला ती पाळावीच लागतात. तिथे २०१३ च्या कायद्यानुसार नववीत शिरतानाच एन्डॉर्समेंट, म्हणजे अभ्यासाचा मुख्य कल, निवडावी लागते: स्टेम, बिझनेस अँड इंडस्ट्री, पब्लिक सर्व्हिस, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज, मल्टिडिसिप्लिनरी. पुढे ती बदलता येते, पण कोर्सची साखळी तिच्यावरच ठरते. न्यू जर्सीत २१ काउंट्यांची स्वतंत्र व्होकेशनल-टेक्निकल डिस्ट्रिक्ट्स आहेत. त्यांतल्या काही अकॅडमींना आठवीत असतानाच अर्ज करावा लागतो आणि प्रवेशासाठी चांगलीच चुरस असते. तिकडच्या पालकांनी हे सगळं सातवीतच सुरू करावं.

काउन्सेलरला भेटताना

अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळत नाही आणि एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. चार वर्षांचा तक्ता, ए-जी यादीतून छापलेलं पान आणि स्टँडर्ड्समधलं खुणा केलेलं पान बरोबर न्या. बोलणं मुलाने सुरू करावं. 'मला हा पाथवे हवा आहे, कॅपस्टोन अकरावीत घ्यायचा आहे, त्यासाठी दहावीत काय हलवावं लागेल?' असा नेमका प्रश्न आला की समोरच्यालाही नेमकं उत्तर देता येतं. ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा: आज असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा. वर्षभराने काउन्सेलर बदललेले असतात, तेव्हा हाच ईमेल कामी येतो.

ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात आल्यावर तक्त्याशी लगेच ताडा. हवा तो सीटीई वर्ग सुटला असेल तर पहिल्या आठवड्यातच बदलाचा फॉर्म भरा. बदलाची मुदत थोडे दिवसच असते, आणि लॅबमधल्या जागा यंत्रांइतक्याच असल्याने त्या सगळ्यात आधी भरतात.